आर्क्टिक मंकीज: गिटार गेली कुठे?

रामबागकर | गुरुवार, रात्री ११:४२

मुलगी अकरावीत आहे. मे महिन्यात तिला गिटारचं वेड लागलं, म्हणून माळ्यावरची माझी जुनी गिटार काढली, तारा बदलल्या, गंजलेल्या खुंट्यांना तेल पाजलं. महिन्याभरात तिनं आर्क्टिक मंकीज ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या 'एएम' अल्बमची पहिली रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट) बसवली. तिच्या वर्गात म्हणे गिटार हातात धरणारा प्रत्येकजण आधी तीच वाजवतो. रामबागेतल्या आमच्या गल्लीत रोज रात्री जेवणानंतर ती इतक्यांदा वाजते की परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढताना तीच गुणगुणत होते.

काल तिनं विचारलं, "बाबा, ह्याच्या पुढचा अल्बम कुठला?" मी 'ट्रॅन्क्विलिटी बेस हॉटेल अँड कसीनो' लावला आणि भांडी विसळायला गेलो. तिसऱ्या गाण्याला स्वयंपाकघरात येऊन म्हणते, "चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी लागलंय." म्हटलं नाही, हेच. तेच चौघं. "मग गिटार गेली कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर २०१८ च्या मे महिन्यात हा अल्बम आला तेव्हा मीही तिसऱ्याच गाण्याला बंद केला होता, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला "संपले ते" असं ठणकावत आलोय. पहिला अल्बम २००६ चा. शेफील्डची नुकती विशीत आलेली पोरं, क्लबबाहेरच्या रांगा, रात्रीच्या टॅक्सी, मारामाऱ्या, सगळं धावतपळत सांगणारी. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. २०१३ चा 'एएम' म्हणजे हिपहॉपच्या ठेक्यावर जड रिफ आणि वर बारीक, चोरट्या आवाजातला कोरस. आणि पाच वर्षं थांबून काय, तर चंद्रावरचं हॉटेल आणि त्याच्या लाउंजमध्ये पियानोवर बसून स्वतःशीच बडबडणारा गायक.

जाणकारांनो, बँडचा आवाज बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? "कलाकार प्रयोग करतात" हे सांगून झालं. तिनं डोळे फिरवले.


पोहे_जिरावन | गुरुवार, रात्री ११:५८

काका, गिटार चंद्रावर गेली ना. हॉटेलात चेक-इन करून राहिली. :)


खिडकीतली_मांजर | शुक्रवार, सकाळी ७:२०

जिरावन, 'करून राहिली' वाचून पुण्यात बसल्याबसल्या इंदूरचा वास आला. इथे असं बोललं की लोक दुरुस्त करतात.

रामबागकर, उत्तर सोपं आहे आणि थोडं गंमतशीर. गायक ॲलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरनं पियानो भेट दिला. जुना उभा स्टाइनवे. तोवर तो गाणी बांधायचा गिटारवर. गिटार घेऊन बसलं की म्हणे नवीन काही सुचेना, पियानोवर बसला तर सुचायला लागलं. लॉस एंजेलिसच्या घरातल्या एका खोलीत आठ ट्रॅकच्या टेपयंत्रावर कच्ची गाणी केली आणि गिटारवादक जेमी कुकला ऐकवली. हे बँडचं की एकट्याचं, हाच आधी प्रश्न होता. कुकला आवडलं, मग बाकीचे आले, पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

मुखपृष्ठ नीट बघितलंत का? हॉटेलचं पुठ्ठ्याचं मॉडेल आहे, टर्नरनं स्वतः कापून चिकटवलेलं, आणि ते उभं आहे टेप रेकॉर्डरवर. आमच्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री बाबा मखर करायचे, दोन वाजेपर्यंत, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला ते मुखपृष्ठ बघून तेच आठवतं.


फुकटचा_सल्लागार | शुक्रवार, सकाळी ९:०५

म्हणजे पियानो मिळाला म्हणून अल्बम. उद्या मला कुणी शिलाई मशीन दिलं तर मी ब्लाउज शिवून गल्लीतल्या बायकांना विकायचे का?

साहेबांना 'एएम'नं जगभर स्टेडियमं भरून दिली. एवढं यश आलं की माणसाला वाटतं आता आपण काहीही केलं तरी लोक घेतील. आणि घेतलंच की. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला, रेकॉर्डच्या तबकडीचा खप त्याआधीच्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात जलद. अल्बमआधी एक गाणं बाहेर सोडलं नाही, लोकांनी न ऐकताच घेतला. ह्याला आम्ही नावावर खपणं म्हणतो.


पोहे_जिरावन | शुक्रवार, सकाळी ९:११

शिलाई मशीन... हसून हसून पुरेवाट.


बेसूर_बेसिस्ट | शुक्रवार, दुपारी १:३४

धाग्याचा पायाच जरा तिरका पडलाय. आवाज २०१८ मध्ये बदलला नाही. २००९ मध्ये बदलला, 'हम्बग'ला. तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?

पहिला अल्बम जानेवारी २००६, दुसरा एप्रिल २००७. दोन्ही एकाच धावेतले. मधे बेसवाला बदलला तरी वेग तोच, उलट दुसऱ्यात ड्रम जास्त आडदांड. नंतर ही पोरं उठून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेली, जोशुआ ट्रीला. निर्माता कोण, तर क्वीन्स ऑफ द स्टोन एज ह्या अमेरिकन रॉक बँडचा जॉश होमी. तिथून जे आलं ते संथ, अंधारं, ऑर्गनचे सूर भरलेलं. तेव्हाही हेच रडगाणं होतं: संपले, बिघडले, केस वाढवले. त्यात ज्यांना राग आला तेच लोक चार वर्षांनी 'एएम'वर नाचत होते, आणि 'एएम'मधला तो जडपणा 'हम्बग'मधूनच आलाय हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सल्लागार, ब्लाउज नक्की शिवा. पण तुमचा मुद्दा उलटा आहे. नावावर खपवायचं असतं तर 'एएम' भाग दोन काढणं सगळ्यात सोपं होतं.


रामबागकर | शुक्रवार, रात्री १०:५०

'हम्बग' मी तेव्हा ऐकलाच नव्हता. नोकरी नवीन, मुलगी तान्ही. मला वाटतं बँडचे जे अल्बम आपल्या धावपळीच्या वर्षांत येतात ते आपल्या हिशेबात आलेलेच नसतात.

मांजरबाई, तुमच्या पियानोच्या प्रतिसादानं आज एक उद्योग करायला लावला. घरात आजोबांची पेटी आहे. भजनी मंडळाची, वर 'काळी चार' असं अजून खडूनं लिहिलेलं. म्हटलं, वाद्यानं इतका फरक पडतो का, बघू तरी. मुलीची ती रिफ पेटीवर वाजवायला बसलो.

बसेना. सूर सगळे बरोबर, रिफ मात्र मेलेली. अर्धा तास झटलो तेव्हा लक्षात आलं. गिटारवर ती रिफ वाजवताना मुलगी उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवते, सूर निघाला की लगेच दाबते. एक सूर, टचकन बंद, मग किंचित मोकळी जागा, मग पुढचा. त्या मोकळ्या जागेतच लोक मान हलवतात. पेटीवर माझ्या हातून मागचा सूर पुढच्याला चिकटून ओघळतो. दाबायला तळहात नाही, आणि डावा हात भात्यात गुंतलेला.

मग चिडून रिफ सोडली आणि नुसताच हात फिरवत बसलो, तर दहा मिनिटांत वेगळीच एक लांबट चाल यायला लागली. गिटारवर ती मला जन्मात सुचली नसती. फार भारी आहे असं नाही. बायको म्हणाली, "पालखी निघाली का?"


तंबोरा | शनिवार, सकाळी ६:१५

रामबागकर, प्रयोग छान, एक दुरुस्ती करते. पेटी म्हणजे पियानो नव्हे. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर त्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीत भाता हलतोय तोवर सूर तसाच उभा. तुम्हाला जी लांबट चाल आली ती त्या उभ्या सुरानं दिली. पियानोवर बसला असतात तर तिसरंच काही आलं असतं, शिवाय डावा हात मोकळा मिळाला असता.

मला ह्या बँडचं काही ठाऊक नाही, नातवाच्या खोलीतून येतं तेवढंच. पण धागा वाचून राहवलं नाही. आपण इंदूरकर हा वाद सत्तर वर्षं घालतोय की! पस्तीस किलोमीटरवर देवास आहे.


तंबोरा | शनिवार, सकाळी ६:४८

(मोबाइलवर लांब लिहिलं की उडतं, म्हणून दोन भागांत.)

कुमारजी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा, 'कुमार गंधर्व' ही पदवीच पोरवयात मिळालेली. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, विशीत देशभर नाव. आणि मग क्षय. १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला आले ते खाटेलाच खिळले. गाणं बंद. डॉक्टरांची सक्त मनाई. अशी पाच वर्षं. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि जीव वाचला, पण एक फुप्फुस कामातून गेलं. त्या पडून राहण्याच्या काळात खिडकीतून बाहेरच्या बायकांची माळवी गाणी कानावर पडत होती. १९५३ च्या सुमाराला पुन्हा गायला बसले तेव्हा गाणं पार निराळं. लोकधुनांतून काढलेले राग, निर्गुणी भजनं, आणि तान अशी की अचानक उसळणार, तुटणार, मग शांतता.

माझे वडील आजारापूर्वीच्या कुमारांचे भक्त. नव्या गाण्याची मैफल ऐकायला इंदुरातून सायकलनं गेले होते दोघे मित्र. मध्यंतरातच उठून आले. आईला सांगताना म्हणाले, "तान अर्धी सोडून देतो गं तो! पोचवतच नाही." शेवटपर्यंत मानले नाहीत. आमच्या घरात 'आधीचा कुमार' आणि 'हा' असे दोन गवई होते. मी शिकायला लागले, मला 'हा'च भावला, त्यावरून जेवताना अबोले झालेत.

तुमच्या मुलीचा प्रश्न वडिलांनी सायकलवर विचारलेलाच आहे.


खिडकीतली_मांजर | शनिवार, सकाळी ८:०२

तंबोराताई, _/\_ हा प्रतिसाद वेगळा धागा करून ठेवण्यासारखा आहे.

एक विचारू? ते तुटक तानांचं फुप्फुसामुळे झालं असं सगळे म्हणतात. तुम्हाला पटतं?


तंबोरा | शनिवार, सकाळी ८:४०

अर्धं पटतं. श्वास पुरत नव्हता हे खरं. पण श्वास न पुरणारे गवई पुष्कळ असतात, ते फक्त थकल्यासारखे गातात. कुमारजी त्या तुटण्याच्या जागा निवडून तुटत होते. मी समोर बसून ऐकलंय, १९८० च्या आसपास. आवाज थांबायचा तिथे तंबोऱ्याकडे लक्ष जायचं, आणि मग कळायचं की सूर तिथेच ठेवलाय त्यांनी, तंबोऱ्यात.


फुकटचा_सल्लागार | शनिवार, सकाळी १०:१०

तंबोराताईंबद्दल आदर राखून, पण कुमारजींच्या क्षयाची तुलना कुणाच्या वाढदिवसाच्या पियानोशी? तिकडे माणूस मरता मरता वाचला. इकडे करोडपती कंटाळला.


तंबोरा | शनिवार, सकाळी १०:२५

मोठेपणाची तुलना करतच नाहीये मी. वडिलांच्या रागाची करतेय.


पोहे_जिरावन | शनिवार, सकाळी १०:२७

सल्लागार काका, बोल्ड.


बेसूर_बेसिस्ट | शनिवार, रात्री १२:४०

'अर्धं पटतं' ह्यावरून स्वतःचं सांगतो. कॉलेजात असताना आमचा चौघांचा बँड होता, इंदुरातच. नाव सांगत नाही, तुम्ही शोधाल. पहिली पाच गाणी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रेकॉर्ड केली. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, जून महिना, पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये यायचा. प्रत्येक टेकनंतर बाहेर येऊन बादलीत तोंड बुडवायचो. ती गाणी बऱ्यापैकी चालली. विजय नगरातल्या एका कॅफेत महिन्यातून दोनदा वाजवायचो, पंचवीस-तीस लोक ओळी म्हणायचे.

दुसऱ्या खेपेला ड्रमरला बंगळुरात नोकरी लागली. दुसरा मिळेना. म्हणून लॅपटॉपवर ठेका बनवला. मला यायचा तेवढाच, म्हणजे अगदी साधा, उघडा. ठेका उघडा पडल्यावर गिटारची गर्दी त्यावर विचित्र वाटायला लागली, ती काढली. गिटार गेल्यावर गायक आरडाओरडा करून गायचा ते हास्यास्पद वाटायला लागलं, तर तो हळू गायला लागला. सहा गाणी झाली. एका ब्लॉगवाल्यानं लिहिलं, 'बँडनं धाडसी मिनिमल वळण घेतलं आहे.' आम्ही तिघं ते वाचून इतके हसलो. आमचं धाडसी वळण म्हणजे नोटिस पीरियड होतं.

पुढे काय झालं तेही सांगतो. कॅफेवाल्यानं तिसऱ्याच गाण्याला खूण केली, जुनं घ्या. जुनं घेतलं, लॅपटॉपवर. पंचवीसपैकी दहा उरले होते.

आता इतक्या वर्षांनी दोन्ही ऐकतो तेव्हा दुसरं जास्त बरं वाटतं. आणि हे ड्रमरला सांगितलेलं नाही.

तर माझं मत: आधी काहीतरी निसटतं किंवा हातात येतं. ड्रमर जातो, पियानो येतो, वाळवंटातली खोली मिळते. एक वीट काढली की शेजारची आपोआप हलते. 'आता मी वेगळा आवाज काढतो' असं ठरवून बसलेला मी तरी कुणी बघितला नाही.


नर्मदेचं_पाणी | रविवार, सकाळी ९:३०

बेसूर, तुमच्या विटांना देशी उदाहरण देतो. दिल्लीचा बँड, इंडियन ओशन. २००० साली 'कंदिसा' आला तेव्हा आम्ही 'मा रेवा' ऐकून वेडे झालो होतो. आपल्या नळाला जलूदहून येणारी नर्मदा दिल्लीच्या पोरांनी गावी, ह्याचा कोण अभिमान! २००९ च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले. तबलाही तेच, आवाजही तेच. म्हणजे एक माणूस गेला आणि दोन जागा रिकाम्या झाल्या. त्या जागी दोन माणसं आली, एक तबल्याला, एक गायला, आणि बँडचं वजनच सरकलं. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. त्यांची गिटार म्हणजे बँडची सही. २०१४ चा 'तंदानू' गाण्यागणिक पाहुणे बोलावून केला: शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन. मला तो अजून पाहुण्यांचं घर वाटतो. चांगलं घर आहे, पण कोपऱ्यातली ती जुनी खुर्ची दिसत नाही.

अवांतर: २०१० च्या अल्बमचं नावच '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा पत्ता.


खिडकीतली_मांजर | रविवार, सकाळी ११:१५

खोलीचा मुद्दा भारी. पण 'ठरवून कुणी बसत नाही' हे पटत नाही, बेसूर. रेडिओहेड हे ब्रिटिश बँडवाले बसले की! १९९७ च्या अल्बमनं त्यांना डोक्यावर घेतलं, दौरा करून करून गायकाला गिटारच्या गाण्यांचा उबग आला, लिहिणं अडलं. मग ऑक्टोबर २००० मध्ये 'किड ए'. सिंगल नाही, नेहमीचा व्हिडिओ नाही. जॉनी ग्रीनवुडसारखा गिटारवादक गिटार बाजूला ठेवून ओंद मार्तनो घेऊन बसला. ते १९२८ सालचं फ्रेंच विजेचं वाद्य, तारेला अडकवलेली अंगठी बोटात घालून सरकवायची, आवाज माणसाच्या रडण्यासारखा. पाचजणांच्या बँडमध्ये काही गाण्यांत दोघांना करायला कामच नव्हतं. हे ठरवून केलेलं आहे, आणि दुखलंही असणार.


फुकटचा_सल्लागार | रविवार, दुपारी १२:०५

बरं, मी थोडा सरकतो, फार नाही. बदलले की बिघडले असं मी म्हणत नाही. पण न बदलण्याचीही शिक्षा असते हे कुणी बोलेना. द स्ट्रोक्स. २००१ चा पहिला अल्बम, सगळं जग न्यूयॉर्कच्या त्या पाच पोरांसारखे कोट घालायला लागलं. २००३ च्या दुसऱ्यासाठी आधी नायजल गॉडरिचला बोलावलं, रेडिओहेडचाच निर्माता, म्हणजे बदलायचा विचार असावा. जमलं नाही, काम टाकून दिलं, परत जुन्या गॉर्डन राफाएलकडे. तेहेतीस मिनिटांचा अल्बम आला, नीटनेटका. लोक काय म्हणाले? 'हे तर आधीचंच.'

मग कलाकारानं करायचं काय? तसाच राहिला तर शिळा, बदलला तर फितूर. ह्यात ऐकणारेही थोडे नालायक आहेत, मी धरून.


बेसूर_बेसिस्ट | रविवार, दुपारी १२:३०

+१. शेवटच्या वाक्याला +१०.

वीझर ह्या अमेरिकन बँडचंही तेच, उलट्या अंगानं. १९९४ चा पहिला गुळगुळीत, लाडका. १९९६ चा 'पिंकर्टन' खरखरीत, गायकानं हार्वर्डला शिकताना आणि पायावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून उठताना लिहिलेला, लाज वाटावी इतका खाजगी. एका नामवंत मासिकाच्या वाचकांनी तो त्या वर्षाच्या वाईट अल्बमांत निवडला. पाच वर्षांनी तिसरा आला तो पुन्हा गुळगुळीत, पहिल्याचाच निर्माता. आणि तोवर इकडे एक पिढी 'पिंकर्टन' छातीशी धरून बसलेली. मतं बदलली, पण गायकाला सांगायला उशीर झाला.


पोहे_जिरावन | रविवार, दुपारी १:०२

तंबोरा आजी, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच.


तंबोरा | रविवार, दुपारी ३:२०

बाळा, वडिलांची मतं बदललीच नाहीत म्हणून तर सांगितलं. आणि आजी म्हणालास ते चालेल.


रामबागकर | रविवार, रात्री ११:१०

दिवसभर बाहेर होतो, आता सगळे प्रतिसाद वाचले.

काल रात्री 'ट्रॅन्क्विलिटी बेस' पुन्हा ऐकला. अख्खा. ह्या वेळी फोनवर नाही, जुने वायरचे हेडफोन काढले. आणि एक गोष्ट समजली, जी मला त्या वेळीच कळायला हवी होती. मी गिटार शोधत ऐकत होतो. ती नाही म्हणून बाकी काही ऐकूच येत नव्हतं. गाणं चालवतोय बेस. निक ओमॅलीचा बेस चालतो, थांबतो, वळून बघतो, आणि वरती टर्नर असंबद्ध बोलत राहतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर तो बेस जवळजवळ गायबच होतो, म्हणजे मुलीनं ऐकला तो अल्बम हाडं काढलेला होता. चूक माझी, भांडी विसळता विसळता लावला.

दुसरं, पियानोचं. मी पेटीवर पुन्हा बसलो, ह्या वेळी चाल न वाजवता नुसते कॉर्ड. गिटारवर आपला हात एक आकार धरतो आणि तो आकार तसाच दांडीवर वरखाली सरकवतो. म्हणून गिटारची गाणी ठोकळे सरकवल्यासारखी, ठाम. पट्ट्यांवर तसं होत नाही. तीन बोटं ठेवली, त्यातलं एकच शेजारी सरकवलं की कॉर्ड बदलतो, बाकी दोन तिथेच. गाणं एका खोलीतून दुसरीत जातं पण दार वाजत नाही. ह्या अल्बमातली गाणी तशीच आहेत. कुठे वळली ते कळत नाही, कोरस आलाच नाही असं वाटतं, आणि आलेला असतो.

आवडला का? सात गाणी आवडली. चार अजूनही लाउंजमधली बडबड वाटतात. सल्लागारांना एवढं समाधान असू द्या.


फुकटचा_सल्लागार | रविवार, रात्री ११:३१

चार घेतली. पावती द्या.


खिडकीतली_मांजर | सोमवार, सकाळी ८:१०

पुढचा २०२२ चा 'द कार' ऐका आता. तिथे तंतुवाद्यांचा ताफा आहे, गिटार अधूनमधून तोंड दाखवते, जुन्या मित्रासारखी, फार वेळ थांबत नाही. मुलगी काय म्हणाली ते सांगितलं नाहीत.


रामबागकर | सोमवार, रात्री १०:०५

तिला हेडफोन देऊन बसवलं. पहिलं गाणं संपेपर्यंत चेहरा दगडी. दुसऱ्याला पाय हलायला लागला. मग हेडफोन काढून म्हणाली, "हे अजूनही त्यांचं वाटत नाही. पण वाईट नाहीये." मी कुमारजींचं सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "बाबा, प्लीज." तंबोराताई, तुमचा प्रतिसाद तिला तसाच पाठवला आहे. वाचलाय, निळी खूण आली. उत्तर नाही.

पण आज क्लासवरून आल्यावर गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि पेटी ओढून बसली. त्याच रिफला पेटीवर काय होतं ते तिला स्वतः बघायचं होतं. माझ्यासारखीच चिडली. मग जोरजोरात भाता मारायला लागली आणि घडीतून फस्स झालं. कोपऱ्याची शिवण उसवली आहे, बोटभर. आता सूर धरत नाही, दमेकऱ्यासारखी धापा टाकते.

आजोबा गेल्यापासून दुरुस्तीला कुणाकडे न्यायची वेळच आली नव्हती. इंदुरात पेटीचं काम नीट करणारं कुणी माहीत आहे का? नवीन भाता बसवून देतो म्हणणारे नकोत, हाच ठेवायचा आहे.


तंबोरा | मंगळवार, सकाळी ६:०५

आहेत एक, माझ्या दोन्ही पेट्या तेच बघतात. खासगी निरोप केला आहे. तोवर पट्ट्यांवर हात मारू देऊ नका, आणि घडीला सेलोटेप तर मुळीच नाही, गोंद राहतो. उसवलंय ते कापड आहे की कोपऱ्याचं चामडं?